मुलगी म्हणते, ‘चांगलं काम’ करणाऱ्या कंपनीतच जाणार

प्रश्न : रबाळे एमआयडीसीत माझं झिंक प्लेटिंगचं (लोखंडी भागांवर जस्ताचा मुलामा) छोटं युनिट आहे, सगळं जॉबवर्क. मुलगी वाशीला बीएमएसच्या शेवटच्या वर्षाला आहे. सुट्टी मिळाली की ऐरोलीला खाडीवर फ्लेमिंगो बघायला जाते आणि घरी आल्यावर माझ्या धंद्याचा उद्धार करते. साधं एमबीए नको, सीएसआर (कंपन्यांचं समाजकार्य) नाहीतर सस्टेनेबिलिटीमध्येच (पर्यावरण आणि समाज सांभाळून धंदा) जायचं, असा हट्ट आहे. नफाही कमवायचा आणि समाज, पर्यावरणही सांभाळायचं, असं नेतृत्व तिला करायचंय म्हणे. फ्लेमिंगो पोट भरणार आहेत का? तिला कसं समजावू? – एक पालक, कोपरखैरणे

उत्तर : नमस्कार. तिला समजावण्याच्या कामात माझी मदत होणार नाही, कारण तिचं म्हणणं मला पटतं. पटत नाही ते तिने निवडलेलं दार.

आधी सीएसआरबद्दल. 2013 च्या कंपनी कायद्यातलं कलम 135 सांगतं, की ठरावीक आकाराच्या वरच्या कंपन्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी. शाळा, आरोग्य, पाणी अशी कामं त्यातून होतात आणि ती करायला चांगली माणसं लागतात, यात वाद नाही. पण हा सगळा मामला नफा झाल्यानंतरचा. कंपनी रोजच्या धंद्याचा भाग म्हणून जे करते, ते नियमानुसार सीएसआरमध्ये धरलंच जात नाही. म्हणजे माल कुठून घ्यायचा, पाणी कुठे सोडायचं, कंत्राटी कामगाराला काय द्यायचं, हे ठरतं तेव्हा सीएसआरवाली मंडळी त्या खोलीत नसतात. तिथे खरेदी, उत्पादन आणि अकाउंट्सची माणसं बसलेली असतात. तुमच्या मुलीला नेतृत्व करायचं असेल, तर तिची खुर्ची तिथे हवी.

सस्टेनेबिलिटीच्या नोकऱ्या मात्र वाढल्या आहेत, हे खरं. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने 2022-23 पासून बाजारमूल्यानुसार शेअर बाजारातल्या पहिल्या 1000 कंपन्यांना बीआरएसआर हा जबाबदारी आणि सस्टेनेबिलिटीचा अहवाल सक्तीचा केला. वीज, पाणी, कचरा, अपघात, स्त्री-पुरुषांचं वेतन, सगळ्याचे आकडे द्यावे लागतात. मोठ्या कंपन्या आता तेच आकडे पुरवठादारांकडे मागू लागल्या आहेत. युरोपने तर 2026 पासूनच्या आयातीवर कार्बनचा आकार लावलाय. पोलाद, ॲल्युमिनियम आणि लोखंडी नट-बोल्टही त्यात येतात. तुमच्या पार्टीचा माल तिकडे जात असेल, तर तुम्हालाही आज ना उद्या फोन येईल. फक्त या नोकरीची पहिली काही वर्षं म्हणजे एक्सेल आणि पाठपुरावा, हे तिला आधीच सांगा. फ्लेमिंगो त्यात दिसत नाहीत.

आता तुमच्या युनिटकडे येतो, कारण तिला हवा तो अभ्यासक्रम मला तिथेच दिसतो. जॉब, म्हणजे मुलामा द्यायचा भाग, केमिकलच्या टाकीतून वर काढला की अंगाला लागलेलं द्रावण तो धुण्याच्या टाकीत घेऊन जातो. तोच जॉब टांगलेला रॅक टाकीवर काही सेकंद जास्त निथळू दिला, धुण्याच्या टाक्या एकामागे एक लावून पाणी उलट दिशेने फिरवलं, तर केमिकल वाचतं, पाणी वाचतं, ईटीपीवरचा (सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा) भार कमी होतो आणि स्लज, म्हणजे उरणारा गाळही कमी पडतो. इथे नफा आणि खाडी एकाच बाजूला आहेत. हे करायला आदर्शवाद लागत नाही, हिशेब मांडणारं माणूस लागतं. आणि तो हिशेब बऱ्याच युनिटांत कुणी मांडलेलाच नसतो, कारण मालक डिस्पॅचच्या मागे आणि ऑपरेटरला निथळायला वेळ द्यायची मुभा नाही.

पिवळ्या पॅसिव्हेशनचा, म्हणजे जस्तावर गंजरोधक थर चढवण्याचा प्रश्न मात्र असा सुटत नाही. त्यात वापरलं जाणारं हेक्झाव्हॅलंट क्रोमियम माणसालाही घातक आणि पाण्यालाही. कमी घातक ट्रायव्हॅलंट क्रोमियमवर गेलात तर खर्च वाढतो आणि पार्टी किलोमागे पैसे वाढवून देत नाही. शेजारच्या गाळ्यात स्वस्तात काम होतं. युरोपने इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांत हेक्झाव्हॅलंटवर जुलै 2006 पासून मर्यादा आणली, म्हणून निर्यातीच्या मालाला तरी फरक पडला. बाकीच्या मालाचं काय करायचं, कुठल्या पार्टीला दर वाढवून मागायचा, कुठलं काम सोडायचं, आणि सोडलं तर पगार कुठून द्यायचे? तिच्या त्या नेतृत्वाची परीक्षा या प्रश्नांत आहे. नुसता नफा बघणाऱ्याला हे प्रश्न पडत नाहीत आणि नुसत्या तळमळीने ते सुटत नाहीत.

मोठ्यांचंही तेच होतं. फ्रान्सच्या दानोन या खाद्यपदार्थांच्या कंपनीने जून 2020 मध्ये भागधारकांच्या मंजुरीने सामाजिक आणि पर्यावरणीय उद्दिष्टं आपल्या नियमावलीतच घातली. कंपनीची कामगिरी स्पर्धकांच्या मागे पडली आणि मार्च 2021 मध्ये संचालक मंडळाने प्रमुख इमॅन्युएल फेबर यांना दूर केलं. उलट बॉयलर वगैरे बनवणाऱ्या आपल्या पुण्याच्या थरमॅक्सकडे बघा. अनु आगा यांनी 1996 मध्ये कंपनीची सूत्रं घेतली. पुढे कंपनी अडचणीत आली तेव्हा त्यांनी बाहेरचे सल्लागार आणले, संचालक मंडळ नव्याने रचलं आणि गाडी रुळावर आणली. शिक्षणातल्या कामासाठी त्यांचं नाव आज आदराने घेतलं जातं. पण कंपनी सावरण्याचं ते कठीण काम त्यांनी टाळलं नव्हतं, हे मुलीला जरूर सांगा.

म्हणून माझा सल्ला साध्या एमबीएचाच, पण ऑपरेशन्स किंवा फायनान्स घेऊन. राज्याची सीईटी आणि कॅट, दोन्ही द्याव्यात. तिला कॉस्टिंगची गोडी लागली तर सीएमएचा (कॉस्ट अकाउंटंटचा अभ्यासक्रम) विचार करा. प्लेटिंगवाल्याच्या मुलीला ते सोपं जाईल, असं आपलं मला वाटतं. पवईची निटी 2023 पासून आयआयएम मुंबई झाली आहे. तिथे सस्टेनेबिलिटीचं वेगळं शिक्षण मिळतं, पण अर्जाआधी पात्रतेची अट वाचा; अशा काही अभ्यासक्रमांना इंजिनिअरिंगची पदवी लागते. नोकरीपेक्षा स्वतःचं काही उभं करायची तिची इच्छा पक्की असेल, तर देवनारच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत सामाजिक उद्योजकतेचं एमए आहे. गल्लीबोळातली महागडी ‘ईएसजी’ (पर्यावरण, समाज आणि कंपनीचा कारभार) सर्टिफिकेटं सध्या नकोत.

आणि परीक्षा संपली की तिला दोन महिने युनिटवर बसवा. पाण्याची बिलं, केमिकलच्या पावत्या, स्लजची चलनं, प्रदूषण मंडळाचं कन्सेंट (परवानगी), सगळं तिच्या हातात द्या, आणि एका किलो जॉबमागे किती पाणी आणि किती पैसे जातात ते तिला काढू द्या. ऑपरेटरशी बोलू द्या, तुमच्या पाठीमागेसुद्धा. या कामाचा पगार मात्र द्या. फुकट काम केलं तर तिने काढलेले आकडे तुम्ही मनावर घेणार नाही.