फोल्डिट खेळणं म्हणजे अभ्यास का?

तुम्ही विचारलंय की बारावीतला मुलगा 'फोल्डिट' नावाचा प्रोटीनचा गेम खेळतो आणि हा अभ्यासच आहे म्हणतो, तर त्याचं ऐकायचं का. ऐका. मी नागपुरात मानेवाड्याला बायोलॉजीच्या शिकवण्या घेते.

सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं एक वाक्य नीट परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक पोराला पाठ असतं: रक्तातल्या हिमोग्लोबिन या प्रोटीनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक अ‍ॅसिडऐवजी व्हॅलिन. पण साखळीतल्या १४६ मण्यांमधला एक मणी, म्हणजे एक अमिनो आम्ल, बदललं तर एवढं काय बिघडतं, असं विचारलं की वर्ग गप्प. आपल्या विदर्भात हा प्रश्न पुस्तकापुरता नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, तिचा धाकटा भाऊ एसएस पॅटर्नचा, म्हणजे आई-बाप दोघांकडून सिकलचं जनुक आलेला. थंडी पडली की त्याचे हातपाय ठणकायचे.

तिला लॅपटॉपवर हा गेम लावून दिला. त्यात प्रोटीनच्या साखळीची नीट घडी घालायची असते. पाण्याशी जमतं ते भाग निळे, पाण्याशी वाकडं ते नारिंगी. नारिंगी आत दडवले, निळे बाहेर ठेवले की गुण वाढतात. दोन भाग एकमेकांत घुसले की लाल काटेरी गोळे उमटतात. तासभर ती नारिंगी फांद्या आत ढकलत होती. मग एकदम थांबली. "मॅडम, ग्लुटामिक निळा, व्हॅलिन नारिंगी. म्हणजे छोटूच्या हिमोग्लोबिनला बाहेरच्या अंगाला नारिंगी ठिपका आलाय?"

अगदी तेच. ऑक्सिजन सोडला की तो ठिपका शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत जाऊन बसतो, त्याला पुढचं चिकटतं, लांब दोरे बनतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. इतकी वर्षं फळ्यावर लिहून मला हे कोणाच्या गळी उतरवता आलं नव्हतं.

गेम वॉशिंग्टन विद्यापीठातला, २००८ सालचा. माकडांना एड्ससारखा आजार देणाऱ्या एका विषाणूच्या एन्झाइमची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून जास्त काळ उलगडत नव्हती. खेळाडूंनी तीन आठवड्यांत उपयोगी पडेल असं मॉडेल दिलं, आणि २०११ च्या शोधनिबंधात त्यांच्या गटांची नावं लेखक म्हणून छापली गेली. त्यात बरेच जण बायोकेमिस्ट्री न शिकलेले होते.

सुरुवातीचे सरावाचे डाव मात्र त्याला गाळू देऊ नका, नाहीतर नुसती ओढाताण होते. एनसीईआरटीचं पुस्तक वाचावं लागेलच, मार्क तिथूनच येतात. आज त्याच्या शेजारी बसा आणि व्हॅलिन कुठल्या रंगाचं आणि का, ते विचारा. सांगता आलं तर खुशाल खेळू द्या.