संकटात देवाला धरतो, बरे दिवस आले की फुगतो. आता पुन्हा आजारी पडलोय. देव माझा गर्व मोडतोय का? आणि कोणत्या तोंडाने प्रार्थना करू?

तुम्ही लिहिलंय की पहिल्या आजारपणात रोज गुडघ्यांवर होतात, बरे झालात आणि हळूहळू प्रार्थना सुटली. आता आजार उलटलाय आणि मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, कोणीतरी सांगितलं की हे तुमचा गर्व मोडण्यासाठीच आलंय.

आधी त्या सांगणाऱ्यांबद्दल. ते त्यांना कळलं कुठून? बायबलमध्ये निर्दोष असूनही संकटात सापडलेला ईयोब आहे. त्याचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले होते, तोवर सगळं ठीक होतं. बोलायला लागले आणि त्याच्या दुःखाची कारणं त्यालाच समजावू लागले. शेवटी देवाचा कोप झाला तो त्यांच्यावर, आणि ईयोबाला त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागली. जन्मांध माणसाला बघून शिष्यांनी येशूला विचारलं, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू म्हणाला, याचंही नाही, त्यांचंही नाही.

पण प्रेषित पौलाचं काय, असं तुम्ही विचाराल, आणि विचारायलाच हवं. करिंथकरांना लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या १२व्या अध्यायात तो स्वतःच सांगतो की मी चढून जाऊ नये म्हणून माझ्या शरीरात काटा ठेवला गेला. तीनदा विनंती केली, काटा निघाला नाही. उत्तर मिळालं, "माझी कृपा तुला पुरे आहे." मी हा भाग अनेक वर्षं वाचत आलोय आणि मला त्यात दोन गोष्टी दिसतात. एक, तो काटा शिक्षा म्हणून आलेला नाही, पुढे होऊ शकणाऱ्या गर्वाला आधीच घातलेली ती वेसण आहे. दुसरी, काट्याचं कारण पौल स्वतः सांगतोय, आणि तेही देवाजवळ रडून, मागून, नकार ऐकून झाल्यावर. शेजारी उभ्या असलेल्या कोणी ते त्याच्या गळ्यात बांधलेलं नाही. तुमच्या आजाराचा अर्थ कधी उलगडला तर तो तुमच्या आणि प्रभूच्या मधे उलगडेल. नाही उलगडला तरी कृपा कमी पडत नाही.

आता गर्वाबद्दल. तुम्ही धरून चालला आहात की संकटात आपण नम्र असतो आणि सुखात गर्विष्ठ होतो. मीही असंच समजत होतो.

माझं काम गेलं तेव्हा नऊ महिने घरी होतो. मंडळीत मी प्रार्थना चालवायचो, त्यामुळे दर रविवारी कोणीतरी विचारायचं, कसं चाललंय? मी म्हणायचो, "प्रभूच्या कृपेने उत्तम!" घरभाडं थकलेलं होतं. बायको म्हणायची, कोणाशी तरी बोलूया. मी म्हणायचो, माणसांपुढे हात कशाला पसरायचा, आपला भरवसा देवावर आहे. शेवटी तिने मला न विचारता मंडळीतल्या एका वयस्कर बाईंना सांगितलं. मी भडकलो, तिचा विश्वास कमी पडला असं तिला तोंडावर बोललो. ती शांतपणे म्हणाली, "लोकांना कळलं तर तुला लाज वाटेल, एवढंच आहे ना ते?"

एवढंच होतं ते. ज्याला मी देवावरचा भरवसा म्हणत होतो तो निम्मा तरी माझा ताठा होता. त्या बाई आणि त्यांचे यजमान घरी आले, आमच्याबरोबर प्रार्थना केली आणि दोन महिन्यांचं भाडं ठेवून गेले. मला मान वर करता येईना. पुढे त्याच पत्राच्या ७व्या अध्यायात एक वाक्य सापडलं आणि मी तिथेच अडकलो. पौल खचलेला होता, बाहेर भांडणं, आत भीती. आणि देवाने त्याचं सांत्वन कशाने केलं? तीत नावाच्या त्याच्या सहकाऱ्याच्या येण्याने. आकाशवाणी नाही, दर्शन नाही, एक माणूस दारात आला. मी ज्याला माणसांपुढे हात पसरणं म्हणत होतो, त्यातूनच देव द्यायला बघत होता.

नंतर काम मिळालं आणि मी मंडळीत साक्ष देऊ लागलो, म्हणजे देवाने माझ्यासाठी काय केलं ते सांगू लागलो. पहिल्यांदा दिली तेव्हा रडलो. पुढेपुढे तिच्यात 'मी' वाढत गेला: मी कसा डगमगलो नाही, मी कशी वाट पाहिली. भाडं देणारं जोडपं साक्षीतून केव्हा गळालं, मलाही कळलं नाही.

उज्जीया राजाची गोष्ट वाचा, २ इतिहास २६. सोळाव्या वर्षी गादीवर, ५२ वर्षांचं राज्य, बुरूज, विहिरी, सैन्य. शास्त्र म्हणतं की त्याला अद्भुत साहाय्य मिळत गेलं, आणि समर्थ झाल्यावर त्याचं हृदय उन्मत्त झालं. धूप जाळणं हे फक्त याजकांचं काम, तरी ते करायला तो स्वतःच मंदिरात घुसला; ८० याजक आडवे आले तर त्यांच्यावरच संतापला. तिथेच कपाळावर कोड उठलं. मला त्यात सर्वांत जास्त भिववतं ते हे की तो मूर्तीपुढे गेला नव्हता, देवाच्याच मंदिरात गेला होता. गर्व भक्तीच्या कपड्यातही येतो.

आणि कोणत्या तोंडाने? त्याच पुस्तकात ३३व्या अध्यायात मनश्शे राजा आहे. मूर्तिपूजेपासून पोटच्या मुलांचा होम करण्यापर्यंत त्याने जे केलं त्यापुढे तुमची सुटलेली प्रार्थना काहीच नाही. बेड्या पडून बाबेलला नेला गेला तेव्हा कुठे त्याला देव आठवला. अडचणीतच आठवला, आधी नाही. देवाने ऐकलं. 'आत्ता बरा आलास' असं म्हणून दार लावलं नाही. आपण आधी नम्र होऊ, मग जाऊ, असं ठरवून बसू नका. त्यातही स्वतःच्या तयारीवरच भिस्त राहते. येशूच्या दाखल्यातल्या जकातदाराने दूर उभं राहून एवढंच म्हटलं होतं, "हे देवा, मज पाप्यावर दया कर." तेवढं म्हणायला आजारी माणसालाही बळ पुरतं.

औषधं चालू ठेवा, डॉक्टरांचं ऐका. आणि एक विचारतो: आजार उलटल्यापासून रात्री तुम्हाला किती भीती वाटते, हे मंडळीतल्या कोणाला माहीत आहे का? नसेल तर ज्यांनी कारण सांगितलं त्यांना सोडून दुसऱ्या कोणालातरी आज फोन करा. तो फोन किती जड जातो ते मला ठाऊक आहे, मी नऊ महिने केला नव्हता. कोणीच सुचत नसेल तर इथे खाली लिहा, मी आज रात्री तुमच्यासाठी प्रार्थना करणारच आहे.