सह्याद्रीत जीवाश्म का दिसत नाहीत?

तुम्ही विचारलंय, इतकी वर्षं सह्याद्रीत भटकूनही एकदाही जीवाश्म दिसला नाही, तर महाराष्ट्रात ते नाहीतच का? आहेत, आणि भरपूर आहेत. फक्त तुम्ही चुकीच्या खडकात शोधताय.

सह्याद्री म्हणजे थरावर थर चढलेला लाव्हा. तापलेल्या रसात हाडं-पानं टिकणार कशी? जीवाश्माला गाळ लागतो. मेलेला जीव सडायच्या, पांगायच्या आत चिखलात नाहीतर वाळूत गाडला गेला पाहिजे. कातळाच्या भेगेत नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी दिसली, तर ते पान नव्हे, मँगनीजचे स्फटिक आहेत. 'फॉसिल मिळालं!' म्हणून तिचे फोटो ट्रेकच्या ग्रुपांवर नेहमी फिरत असतात.

लाव्हा काही एका दमात आला नाही. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत गाळ बसला. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. ब्रिटिश जीवाश्मशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेनने १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं, आज त्या बेडकाला इंडोबॅट्राकस म्हणतात. आता त्या भागात तळमजल्याखालचं काही दिसायची सोय नाही, ते सोडा.

खरी मजा विदर्भात आहे. मी नागपूरचा, त्यामुळे थोडा पक्षपात होणारच. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याच्या बाजूला पिसदुरा नावाचं गाव आहे. इथली लॅमेटा थरांची माती लाव्ह्याच्या खालची, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातली. शेतात राखाडी, जड गोळे सापडतात, काही लिंबाएवढे, काही त्याहून बरेच मोठे. दगड म्हणून कुणीही बांधावर भिरकावेल. ती अश्मीभूत विष्ठा आहे! त्याच थरांत टायटनोसॉरांची, म्हणजे लांब मानेच्या शाकाहारी डायनोसॉरांची हाडं मिळतात, म्हणून ती त्यांचीच असावी असं मानलं गेलं.

माझ्या मते महाराष्ट्रातला सगळ्यात मोलाचा जीवाश्म हाच. हाडावरून प्राणी केवढा होता ते कळतं, पण त्याने खाल्लं काय ते विष्ठाच सांगते. गवत आपल्या पेशींत सिलिकाचे सूक्ष्म कण साठवतं. पात्याने बोट कापतं त्यात या सिलिकाचा मोठा हात असतो. पान पचलं, कुजलं, तरी हे कण उरतात, आणि कुठल्या गटातल्या वनस्पतीचे ते त्यांच्या आकारावरून ओळखता येतं. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या गोळ्यांत पाम, सूचिपर्णी वगैरेंच्या जोडीला चक्क गवताचे कण दाखवले. २००५ मध्ये 'सायन्स' या शोधपत्रिकेत हे छापून आलं. तोवर डायनोसॉर संपल्यानंतरच गवतं पसरली असा समज होता. २०११ मध्ये याच गटाने लॅमेटातल्या कणांचं नातं भाताच्या कुळाशी जोडलं. म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी विदर्भात भाताचे भाऊबंद उगवत होते आणि टायटनोसॉर चरत होते.

त्याच जिल्ह्यातल्या डोंगरगावला एका टायटनोसॉरच्या सांगाड्याचा बराच भाग मिळाला. १९९७ मध्ये त्याचं वर्णन छापलं गेलं आणि २००३ मध्ये त्याला आयसीसॉरस हे नाव मिळालं. इंग्रजी नावाच्या सुरुवातीची 'आयएसआय' (ISI) ही अक्षरं म्हणजे कोलकात्याची भारतीय सांख्यिकी संस्था. संख्याशास्त्राची संस्था डायनोसॉर खणते याचं मला अजूनही हसू येतं. याहून जुनं काही बघायचं असेल तर गडचिरोली जिल्ह्यातलं सिरोंचा गाठा. तिथे प्राणहिता नदीच्या दोन्ही काठांवर ज्युरासिक काळातले कोटा थर आहेत, आणि वडधमला जीवाश्म उद्यान आहे.

निघण्याआधी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या 'भूकोश' पोर्टलवर नकाशा उघडा आणि लॅमेटा, गोंडवना (कोटा थर ज्या जुन्या खडकांच्या गटात मोडतात तो) ही नावं शोधा. दिवाळीनंतर, पीक निघालं की जा. उभ्या कपाशीत जमीन दिसत नाही आणि एप्रिल-मेमधलं चंद्रपूरचं ऊन तुम्हाला झेपणार नाही. शेत कुणाचं ते विचारून मगच पाय ठेवा. काही दिसलं तर शेजारी नाणं ठेवून फोटो काढा, लोकेशन टिपा आणि जिथलं तिथे राहू द्या. कुठल्या थरातला हे माहीत नसलेला जीवाश्म अभ्यासकाच्या फारसा कामाचा नसतो. मोठं काही असेल तर नागपूरला सेमिनरी हिल्सवर सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, तिथे कळवा.