‘हीथर्स’ तिकीटखिडकीवर पडूनही कल्ट चित्रपट (मोजक्या पण निष्ठावान चाहत्यांचा लाडका) कसा ठरला?
मुख्यतः व्हिडिओ कॅसेटमुळे: सुमारे ३० लाख डॉलर खर्चून केलेल्या या अमेरिकी चित्रपटाने १९८९ मध्ये तिकीटखिडकीवर जेमतेम ११ लाख मिळवले, पण पुढे तो घरी आणून पुन्हा पुन्हा पाहणाऱ्या तरुणांनी त्याचे संवाद तोंडपाठ केले. कारण लेखनातच आहे. त्या दशकातले बहुतेक शाळकरी विनोदपट शेवट गोड करत असताना डॅनियल वॉटर्स यांनी आत्महत्या म्हणून खपवल्या जाणाऱ्या खुनांवर काळा विनोद रचला, आणि पात्रांच्या तोंडी तेव्हाची चालू बोली न घालता स्वतः घडवलेली भाषा दिली, त्यामुळे ती शिळी झाली नाही. शाळेतली सत्ता तर केस बांधायच्या एका लाल स्क्रंचीत दिसते: ती एकीच्या केसांतून दुसरीच्या केसांत जाते आणि अखेरीस विनोना रायडरची व्हेरोनिका ती काढून घेते (संपूर्ण कथा एवढ्यात सांगून होते!). मात्र अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेतील १९९९ च्या हत्याकांडानंतर, शाळाच उडवून देण्याचा कट असलेला हा विनोद अनेकांना पचत नाही. यावर बेतलेली मालिकाही २०१८ मध्ये पार्कलंडच्या शाळेतील गोळीबारानंतर लांबणीवर टाकावी लागली होती.