किर्लोस्करवाडी स्टेशनचं जुनं नाव कुंडल रोड होतं, हे खरं आहे का?

हो, खरं आहे. पुणे-मिरज मार्गावरचं हे स्टेशन आधी 'कुंडल रोड' होतं, म्हणजे कुंडल गावाला जायचं असेल तर इथे उतरा. 'रोड' लागलेल्या बहुतेक स्टेशनांचं असंच असतं, मूळ गाव थोडं आत असतं. रेल्वे तेव्हा मीटरगेज होती आणि आजूबाजूला होता निवडुंगाचा माळ.

बेळगावातली कारखान्याची जागा सोडावी लागल्यावर उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी हाच माळ दिला. 1910 मध्ये कारखाना उभा राहिला. लोखंड आणायचं आणि नांगर गावोगाव पाठवायचे, तर दाराशी रेल्वे हवीच! त्या ओसाड माळाची खरी किंमत या छोट्या स्टेशनात होती, असं मला वाटतं. पुढे कारखान्याभोवती वसलेल्या वसाहतीचंच, म्हणजे किर्लोस्करवाडीचं, नाव स्टेशनाला मिळालं.

या पट्ट्याची आणखी एक आठवण सांगायलाच हवी. 7 जून 1943 रोजी कराडच्या बाजूला शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या (ब्रिटिश राजवटीविरुद्ध साताऱ्यात उभ्या राहिलेल्या समांतर सरकारच्या) तुफान सेनेने, म्हणजे त्याच्या सशस्त्र दलाने, पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली. नेतृत्व जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ (रामचंद्र लाड) यांचं, दोघेही कुंडलचे.