केगचा गॅस जातो कुठे?

दोन किलोचा सिलिंडर घरच्या जिंजर बिअरच्या एकाच केगवर (दाबाखाली पेय ठेवायच्या स्टीलच्या पिंपावर) आठवड्यात संपला आणि दाबाच्या गेजचा काटा शेवटपर्यंत हलला नाही, असं तुम्ही म्हणताय. त्या काट्याचं ऐकूच नका. सिलिंडरमध्ये सीओटू (कार्बन डायऑक्साइड) द्रवरूपात असतो आणि द्रव शिल्लक आहे तोवर दाब तापमानावरच ठरतो, २० अंशांना साधारण ५७ बार. द्रव संपला की मगच काटा घसरतो. ३१ अंशांच्या वर तर सीओटू द्रव राहतच नाही, आणि आपल्या नाशकात एप्रिलमध्ये ३१ म्हणजे सकाळचे दहा! सरळ वजन करा. रिकाम्या सिलिंडरचं वजन मानेवर ठोकलेलं असतं, ते वजा करा.

आधी केग वेगळा काढा. लाईनमध्ये दाब भरून सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा आणि रात्रभर ठेवा. सकाळी काटे चांगलेच पडलेले दिसले तर दोष वॉशर, रेग्युलेटर किंवा नळीच्या क्लिपमध्ये. तसेच उभे असतील तर दोष केगमध्ये.

केग मात्र रिकामा करून तपासा. गॅस न मुरलेलं थंड पेय आत असेल तर तेच गॅस पिऊन टाकतं, काटा उतरतो आणि माणूस नसलेली गळती शोधत बसतो.

रिकाम्या केगला २ बार द्या, कनेक्टर लावलेलाच ठेवा आणि भांड्याच्या लिक्विडचा घट्ट फेस ब्रशने झाकणाच्या कडेला, रिलीफ व्हॉल्व्हला (जादा दाब सोडायच्या झडपेला), दोन्ही पोस्टना (कनेक्टर बसतात त्या तोंडांना) लावा. मोठी गळती लगेच फुगे काढते. बारीक गळतीला फुगा येत नाही, पांढऱ्या फेसाचा टिपका हळूहळू वाढत जातो, म्हणून दोन-तीन मिनिटं नजर हलवू नका. कनेक्टर जरा आडवा हलवून बघा, पोस्टवरची ओ-रिंग (रबरी कडी) चिरलेली असेल तर तेव्हाच सापडते. मग कनेक्टर काढून पोस्टच्या मधोमध फेस सोडा; तिथे बुडबुडा आला तर पॉपेट, म्हणजे पोस्टमधली स्प्रिंगची छोटी झडप. पोस्टच्या नटाच्या बुडाशी आला तर आतल्या डिप ट्यूबची (पोस्टखालून केगमध्ये उतरणाऱ्या नळीची) ओ-रिंग. ही इवलीशी रिंग बदलायची सगळे विसरतात. माझा पहिला संशय तिच्यावरच.

झाकण कमी दाबावर नीट बसत नाही. आधी २ बारला बसवा, मग दाब उतरवा.

ओ-रिंगसाठी अंबड किंवा सातपूरला सीलच्या दुकानात जुना नमुना घेऊन जा, फूड ग्रेडच मागा. व्हॅसलीन अजिबात नको, त्यानं ईपीडीएम जातीचं रबर फुगतं. फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस घ्या.

आणि हे सगळं माळ्याखालच्या बंद खोलीत चाललं असेल तर आधी दार-खिडकी उघडा. सीओटू हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. सिलिंडरशी वाकून काम करताना डोकं जड वाटलं तर तडक बाहेर या.