भाजी घातलेल्या कुकीज केकसारख्या फुगतात आणि भाजीची चवही कळते. मऊ कुकीत भाजी नीट लपवायची कशी?

तुम्ही लिहिलंय की पाककृतीत सांगितल्याप्रमाणे कपभर भोपळ्याचा गर घातला, तर कुकीज पसरल्या नाहीत, केकसारख्या झाल्या आणि दुसऱ्या दिवशी चिकट लागल्या. बहुतेक पाककृती इथेच चुकतात. भाजी घालायला सांगतात, पण तिच्याबरोबर आलेल्या पाण्याचं काय करायचं ते सांगत नाहीत. लाल भोपळ्याच्या शिजवलेल्या गरात ९० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. एरवी कुकीच्या पिठात पाणी जेमतेम असतं, थोडं बटरमधलं आणि थोडं अंड्यातलं. ते एकदम वाढलं की मैद्यात ग्लुटेन, म्हणजे पीठ चिवट करणारं प्रथिन, जास्त तयार होतं, स्टार्चही पूर्ण फुलतो आणि पीठ आडवं पसरण्याऐवजी वर उठतं. म्हणून जेवढा गर घालाल, तेवढं पाणी दुसरीकडून काढून घ्यावं लागतं.

लपवायला मी लाल भोपळाच निवडेन. रताळंही चालतं, पण त्यात स्टार्च जास्त असल्याने कुकी जरा गच्च होते. झुकिनीत सुमारे ९५ टक्के पाणी असतं, शिवाय सालीचे हिरवे कण दिसतात. गाजर किसून घातलं तर ते लपत नाही, शिजवून गर केलात तरच उपयोग. पालक चॉकलेटच्या पिठाशिवाय विसराच.

भोपळा पाण्यात उकडू नका. मोठ्या फोडी कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंश सेल्सिअसला ३५-४० मिनिटं भाजा, साल काढा आणि पाणी न घालता मिक्सरमधून फिरवा. यातला १६० ग्रॅम गर पसरट पॅनमध्ये मध्यम-मंद आचेवर सतत हलवत ८० ग्रॅम उरेपर्यंत आटवा. साधारण दहा मिनिटं लागतात, पण घड्याळापेक्षा वजनकाट्यावर विश्वास ठेवा. उलथन्याने तळाशी रेघ ओढली की ती तशीच राहिली पाहिजे, कडेने पाणी आत यायला नको. भाजीचा जो कच्चट वास खाणाऱ्याला लगेच कळतो, तो याच वेळी उडतो. नंतर गर पूर्ण थंड करा, नाहीतर चॉकलेट पिठातच वितळेल.

दुसरं पाणी बटरमध्ये. ११५ ग्रॅम अनसॉल्टेड बटर वितळवून बुडबुडे ओसरेपर्यंत आणि तळाशी तपकिरी कण दिसेपर्यंत कढवा. पाणी उडून ९५ ग्रॅमच्या आसपास उरतं. तळाचे कण खरवडून घ्या, तेच भोपळ्याची चव झाकतात. तिसरं पाणी अंड्यात. पांढऱ्या भागात जवळजवळ ९० टक्के पाणी असतं, शिवाय तो भाजल्यावर घट्ट होऊन केकचा पोत देतो. म्हणून फक्त एक बलक घ्या. अंडं नकोच असेल तर बलक वगळा आणि आटवलेला गर ९५ ग्रॅम करा.

कोमट बटरमध्ये ९० ग्रॅम ब्राउन शुगर आणि ५० ग्रॅम साधी साखर मिनिटभर फेटा. मग बलक, गर आणि एक चहाचा चमचा व्हॅनिला घाला. वेगळ्या भांड्यात १८० ग्रॅम मैदा, एक टेबलस्पून कॉर्नफ्लोअर, अर्धा चहाचा चमचा बेकिंग सोडा, पाव चमचा मीठ आणि पाऊण चमचा दालचिनी पूड एकत्र चाळा. बेकिंग पावडर घालू नका, तिने कुकी आणखी फुगते. कोरडं मिश्रण ओल्यात घालून कोरडा मैदा दिसेनासा होईपर्यंतच उलथन्याने मिसळा. शेवटी १०० ग्रॅम डार्क चॉकलेटचे तुकडे घाला. पीठ नेहमीपेक्षा सैल वाटेल. घाबरून मैदा वाढवू नका, तासभर फ्रिजमध्ये ठेवा. तेवढ्यात बटर घट्ट होतं आणि मैदा ओलावा शोषून घेतो.

३५ ग्रॅमचे साधारण १८ गोळे होतील. या पिठाला स्वतःहून पसरायची सवय नाही, म्हणून प्रत्येक गोळा हाताने दाबून दीड सेंटिमीटर जाडीचा करा. आधीच तापवलेल्या ओव्हनमध्ये मधल्या कप्प्यात १७५ अंशांना ११-१२ मिनिटं भाजा. कडा कोरड्या दिसतील, मधला भाग अजून कच्चा वाटेल. तेव्हाच बाहेर काढा आणि दहा मिनिटं त्याच ट्रेवर राहू द्या. ट्रेच्या उष्णतेने मधला भाग बसतो. मध्य घट्ट होईपर्यंत ओव्हनमध्ये ठेवलंत तर गार झाल्यावर मऊपणा गेलेला असेल.

‘भाजी आहे तर साखरही कमी करू’ हा मोह टाळा. साखर पाणी धरून ठेवते आणि कुकीला पसरवते. ती फार कमी केली की परत छोटे केक हाती येतात. कणीक घालायची तर मैद्याच्या एक तृतीयांशपर्यंतच. बीट घालायचं असेल तर २५ ग्रॅम मैद्याऐवजी कोको पूड घ्या, आणि रंगाची आशा सोडा. बेकिंग सोडा आणि उष्णतेने बीटचा गुलाबी रंग तपकिरी होतो, लपवण्याच्या दृष्टीने ते बरंच.

आणखी एक, जरा रुक्ष वाटेल असं. १६० ग्रॅम गर १८ कुकीजमध्ये वाटला की प्रत्येकीच्या वाट्याला नऊ ग्रॅमही येत नाही. ही भाजी चवीला आणि मऊपणाला घालायची, जेवणातल्या भाजीऐवजी नव्हे. आणि बाहेरच्या मुलांना देताना काय घातलंय ते त्यांच्या पालकांना सांगा. ॲलर्जी भोपळ्याचीही असू शकते.

कुकीज पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, वाफ अडकून वरचा भाग चिकट होतो. थरांमध्ये बेकिंग पेपर घाला. बाहेर दोन दिवस, त्यापुढे फ्रिजमध्ये चार-पाच. यापेक्षा कच्चे गोळे गोठवून लागतील तसे भाजणं उत्तम, तेव्हा वेळ दोन मिनिटांनी वाढवा. गोळे दाबून चपटे करूनच फ्रीझरमध्ये ठेवा, गोठल्यावर ते दाबता येत नाहीत.